टाकी उपसली तरी पुन्हा तुंबतंय: ॲरिझोनातल्या सेप्टिकचं दुखणं कसं शोधायचं

वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की शॉवरच्या जाळीतून गुळगुळ आवाज येतो. काही दिवसांनी फ्लश केल्यावर कमोडचं पाणी काठापर्यंत चढतं आणि मग सावकाश उतरतं. आणि नेमके घरात पाहुणे असताना शॉवरमध्ये काळं पाणी वर येतं. सेप्टिकवाल्याला फोन होतो, टँकर येतो, टाकी उपसतो, काहीशे डॉलर घेतो आणि सांगून जातो, "टाकी भरली होती." दीड-दोन महिने सगळं सुरळीत. मग पुन्हा गुळगुळ.

फिनिक्सच्या बाहेर केव्ह क्रीक, रिओ व्हर्डे, सॅन टॅन व्हॅली किंवा टूसॉनच्या कडेला एकराच्या प्लॉटवर घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न वारंवार येतो. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाचा सेप्टिक टाकीशी फारसा संबंध आलेला नसतो. गावाकडे शोषखड्डा असला तरी तुंबेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे टँकरवाला सांगेल ते खरं मानलं जातं. त्याचं काम उपसायचं, निदान करायचं नाही, म्हणून त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण "टाकी भरली होती" हे निदान नव्हे. सेप्टिक टाकी भरलेलीच असते. भरलेली नसेल तर काळजी करावी.

पाच दिवसांचा हिशेब

घरातलं सगळं सांडपाणी टाकीत येतं. जड मैला तळाला बसतो, त्याचा गाळ होतो. तेल, साबण, कागद वर तरंगतात, त्यांचा तवंग जमतो. मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पलीकडच्या तोंडातून बाहेर पडून लीच फील्डमध्ये जातं, म्हणजे जमिनीखाली खडीत किंवा प्लास्टिकच्या चेंबरमध्ये पसरतं, आणि तिथून माती ते शोषते. टाकीत जेवढं नवं पाणी येईल तेवढं जुनं त्याच क्षणी बाहेर जातं. म्हणून पाण्याची पातळी कायम बाहेरच्या पाइपाच्या तळाशी टेकलेली असते.

आता हिशेब. तीन बेडरूमच्या घराला सहसा १,००० गॅलनची टाकी असते, चार बेडरूमच्या घराला १,२५० गॅलनची. अमेरिकेत घरात माणशी रोज ६० ते ७० गॅलन पाणी वापरलं जातं. चौघांचं कुटुंब धरा, रोज अडीचशे गॅलन. म्हणजे टाकी तळापर्यंत उपसली तरी पाचव्या दिवशी ती पुन्हा तोंडाशी येते. उपसण्याच्या पैशात तुम्ही पाण्यापुरते पाच दिवस विकत घेतलेले असतात. गाळ निघाला हा फायदा वेगळा, तो वर्षानुवर्षं पुरतो.

हे एकदा डोक्यात बसलं की उपसल्यानंतर किती दिवसांनी तुंबलं, यावरूनच अर्धं निदान होतं. आठवड्याच्या आत तुंबलं, तर टाकीतून पुढे पाणी जातच नाहीये. फिल्टर, बाहेरचा पाइप किंवा फील्ड बंद आहे. दीड-दोन महिन्यांनी तुंबलं, तर फील्ड अशक्त आहे. टाकी भरेपर्यंत त्याला पाच दिवस विश्रांती मिळाली, ते थोडं सुकलं, काही आठवडे पाणी घेत राहिलं आणि पुन्हा डबडबलं. पाहुणे आले की किंवा शनिवारी पाच-सहा लोड कपडे धुतले की तुंबतं आणि एरवी नाही, तर रोजचा भार झेपतोय, एकदम आलेला लोंढा झेपत नाही. तीन-चार वर्षांनी तुंबलं, तरच गाळ खरोखर जास्त झाला असं म्हणायला जागा आहे. आणि टाकी उपसून झाली त्याच दिवशी घरात पाणी तुंबलं, तर दुखणं टाकीत नाहीच. घर आणि टाकी यांच्या मधल्या पाइपात आहे.

उपसण्याआधी झाकण उघडा

बहुतेक जण इथेच पुरावा घालवतात. टँकर आला, होज आत गेली, वीस-तीस मिनिटांत टाकी रिकामी. त्यानंतर बघण्यासारखं काही उरत नाही. म्हणून टँकर बोलवायचाच असेल तर फोनवरच सांगा: आधी दोन्ही झाकणं उघडायची, मी पातळी बघणार, फोटो काढणार, मग उपसा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही.

त्याआधी घराच्या भिंतीबाहेर क्लीनआउट शोधा. तीन-चार इंच रुंदीचं, चौकोनी उंचवट्याचं पाइपाचं झाकण असतं, अनेकदा खडीखाली गाडलेलं. ते हळूच फिरवा. मागे पाणी दाबलेलं असेल तर अंगावर येतं. आतला पाइप कोरडा असेल आणि घर तुंबलेलं असेल, तर बोळा घरातल्या पाइपात आहे, तो प्लंबरचा विषय. पाइपात पाणी उभं असेल तर पुढे टाकीकडे चला.

टाकी कुठे आहे हेच माहीत नसणारी घरं पुष्कळ आहेत, कारण आधीच्या मालकाने वर खडी पसरून, फरशा बसवून सगळं सुंदर केलेलं असतं. काउंटीच्या पर्यावरण खात्याकडे परमिटसोबतचा नकाशा बहुतेक वेळा मिळतो. त्यावर घराच्या कोपऱ्यापासूनची अंतरं फुटांत दिलेली असतात. खोल खणायचं झालं तर आधी ८११ या फोन नंबरवर कळवा. ॲरिझोनात किमान दोन पूर्ण कामाचे दिवस आधी सांगावं लागतं, मग गॅस-विजेच्या लाइनी रंगाने आखून देतात, फुकट.

झाकण उचलताना हातमोजे घाला आणि आधी कडेने काठी फिरवा. रायझरच्या, म्हणजे टाकीच्या तोंडावर जमिनीपर्यंत आणलेल्या उभ्या नळ्याच्या, झाकणाखाली ओल असते, गारवा असतो, झुरळं असतात, म्हणून ब्लॅक विडो कोळी तिथे हमखास घर करतो. विस्कटलेलं, चिवट, काठी लावली की तडतड तुटणारं जाळं दिसलं की तोच. विंचू निघाला तर नवल नाही.

टाकीत डोकं घालायचं नाही. तोंडाशी गुडघे टेकून वाकायचंसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासांत माणूस आडवा करतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही जिवानिशी जातो. अशा बातम्या महाराष्ट्रात आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. हातातून मोबाइल आत पडला तर तो गेला असं समजा. उभं राहून, वाऱ्याकडे पाठ करून, टॉर्चने बघा. मुलं आणि कुत्रा घरात.

आता बाहेरच्या तोंडाचं, म्हणजे फील्डकडच्या बाजूचं झाकण. तिथे पाइपाला इंग्रजी टी अक्षरासारखा उभा तुकडा असतो. पाणी त्याच्या आडव्या पाइपाच्या तळाला टेकलेलं असेल तर टाकी ठीक आहे. अशा वेळी घर तुंबलेलं असेल तर अडथळा आतल्या तोंडाशी किंवा त्याच्या आधी आहे: टॉयलेट पेपरचा ढीग, मुळं, किंवा खचलेला पाइप. पाणी त्या पाइपाच्या वर चढलेलं असेल, पाइप बुडालेला असेल, तर अडथळा पुढे आहे. आणि पाणी पाइपाच्या बरंच खाली असेल, तर टाकीला तडा आहे. वाळवंटात हे बघून लोक खूश होतात, "वा, टाकी अर्धीच भरलीय!" ती अर्धी भरलेली नसते, उरलेली अर्धी जमिनीत गेलेली असते. जवळ बोअरवेल असेल तर हे आजचं काम आहे, उद्याचं नाही.

भिंतीवर टॉर्च फिरवा. पाण्याच्या वर, चार-सहा इंचांवर काळसर तेलकट रेघ दिसली तर पाणी याआधीही तिथवर चढलेलं आहे, आज पातळी नीट असली तरी. टाकीची खरी हकिगत त्या रेघेत असते, आणि ती बघणारा क्वचित भेटतो.

उपसताना आणखी एक गोष्ट बघायची, ती बघायला पाच मिनिटं पुरतात. टाकीची पातळी खाली जायला लागली की बाहेरच्या पाइपातून पाणी उलटं टाकीत वाहत येतंय का? धार लागून येत राहिलं, तर फील्ड काठोकाठ भरलंय आणि तुमची टाकी ही आता फील्डचाच एक भाग झालीय. चार थेंब ठिबकले तर हरकत नाही.

आधी फिल्टर

पाणी पाइपाच्या वर चढलेलं दिसलं की लोक लगेच "फील्ड गेलं" म्हणून घाबरतात, आणि नवं फील्ड विकायला उत्सुक असलेले लोक त्यांना धीर देत नाहीत. थांबा. ॲरिझोनात २००१ पासूनच्या नियमांनुसार बसवलेल्या टाकीला बाहेरच्या तोंडाशी फिल्टर असतो: प्लास्टिकची उभी नळी, तिला बारीक चिरा, वर दांडी. तो दर सहा महिने ते वर्षाला धुवायचा असतो. घर घेतल्यापासून तो एकदाही बाहेर न काढलेली घरं आहेत, कारण तो आहे हेच कोणी सांगितलेलं नाही.

पाणी चढलेलं असताना फिल्टर ओढून काढू नका. वरचा तवंग आणि घाण सरळ फील्डमध्ये घुसेल. आधी टँकरवाल्याकडून पातळी पाइपाखाली आणून घ्या, मग दांडी धरून सरळ वर ओढा. तो राखाडी चिकट थराने लिंपलेला असेल, त्यात कपड्यांचे धागे, केस आणि आमच्याकडच्या घरांत हटकून भाताची शितं. बागेच्या नळीने धुवायचा, तेही टाकीच्या आतल्या तोंडावर धरून, अंगणात नाही. बाण असेल त्या दिशेने परत बसवा, पूर्ण खाली बसल्याची खात्री करा. बऱ्याच घरांचं दुखणं इथे संपतं.

फिल्टर दोन-तीन महिन्यांतच पुन्हा भरत असेल, तर मात्र तो दोषी नाही, तो सांगतोय. एक तर गाळ वर आलाय. गाळाचा माथा बाहेरच्या टीच्या तळापासून १२ इंचांच्या आत, किंवा तवंगाचा तळ ६ इंचांच्या आत आला की उपसायचं, हा अमेरिकन पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा ठोकताळा आहे. किंवा मग स्वयंपाकघर. आपल्याकडे फोडणीचं तेल, तूप, पुऱ्या तळलेल्या कढईचं धुवण हे सगळं गरम पाण्याबरोबर बेसिनमध्ये जातं आणि टाकीत थंड होऊन तवंग जाड करतं. कढई आधी कागदाने पुसा. तळणाचं तेल डब्यात साठवून कचऱ्यात. बेसिनखालचं गार्बेज डिस्पोजल सेप्टिकच्या घरात वापरू नका. दळलेलं अन्न निवळत नाही, ते मधल्या पाण्यात लोंबकळत राहतं आणि फिल्टरपर्यंत पोचतं. बेसिनला बारीक जाळी लावा, चहाचा चोथा, मोहरी, कढीपत्ता सगळं तिथेच अडतं.

फिल्टर नसलेली जुनी टाकी असेल तर बाहेरचं बॅफल, म्हणजे बाहेरच्या तोंडाशी तवंग अडवणारा पडदा, बघा. काँक्रीटच्या टाक्यांत पाण्याच्या वर साठलेल्या हायड्रोजन सल्फाइडपासून जिवाणू गंधकाम्ल तयार करतात, आणि ते काँक्रीट खातं. उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. बॅफल पाण्याच्या रेघेवर पिठूळ होऊन तुटून पडलेलं असतं आणि तवंग खुशाल फील्डकडे चाललेला असतो. जागी पीव्हीसीची टी बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम. झाकणाची खालची बाजूही तशीच बघा, बोटाने खरवडून वाळू सुटत असेल तर त्या झाकणावर कोणी उभं राहता कामा नये.

वाळवंट आहे, मग पाणी जिरत का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. फिनिक्सला वर्षाला सात-आठ इंच पाऊस, मेमध्ये हवेत ओलावा नावाला नाही, अंगणात टाकलेलं बादलीभर पाणी बघता बघता उडून जातं. पण फील्ड वरच्या मातीत नसतं, काही फूट खाली असतं, आणि तिथला कारभार वेगळा आहे.

सोनोरन वाळवंटात जागोजागी कलिची लागते. पावसाचं पाणी मातीतला चुना थोडा खाली नेतं आणि पुढे जायच्या आत सुकतं. हजारो वर्षं असं होत राहून कॅल्शियम कार्बोनेटने खडी-वाळू एकजीव होते. त्यावर पहार मारली तर ठणकन वाजते. थर कुठे काही इंचांचा, कुठे काही फुटांचा. फील्डच्या खाली असा थर सलग असेल तर पाणी त्याच्यावर तुंबून राहतं, वर कितीही रखरखाट असला तरी. शेजाऱ्याचं फील्ड वीस वर्षं चालतंय आणि तुमचं पाच वर्षांत गेलं याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

दुसरं, बायोमॅट. टाकीतून येणाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंचा काळा चिकट थर फील्डच्या चरांच्या तळाशी माती आणि खडीच्या सीमेवर जमतो. थोडा असणं चांगलं, तोच पाणी गाळतो. पण तवंग आणि गाळ टाकीतून निसटायला लागला की तो जाड होतो आणि गाळण्याला चोथा दाटून बसावा तसं पाणी थांबतं. फील्डला हवा लागते, विश्रांती लागते. आणि इथले लँडस्केपवाले काय करतात, फील्डवर प्लास्टिक अंथरून वर शोभेची खडी टाकतात, तण येऊ नये म्हणून. फील्डचा श्वासच बंद. प्लास्टिक असेल तर काढा. फील्डवर आरव्ही (राहण्याची मोठी गाडी) उभी करत असाल तर हलवा.

तिसरं, झाडं. मेस्किट, सॉल्ट सीडर, कण्हेर, अंजीर. मेस्किटची मुळं टूसॉनजवळच्या एका खाणीत दीडशेहून अधिक फूट खोल सापडल्याची नोंद आहे. अशा झाडाला तुमच्या अंगणातली एकमेव कायम ओली जागा शोधायला किती वेळ लागणार? पाइपाच्या सांध्यातून केसाएवढं मूळ आत शिरतं आणि आत झुपका करतं. कॅमेऱ्यात ते स्वच्छ दिसतं. उच्च दाबाच्या पाण्याने कापता येतं, पण वर्ष-दीड वर्षात परत येतं; सांधा बदलणं किंवा झाड काढणं, दोनच कायमचे उपाय. फील्डजवळ ठिबकची लाइन असेल तर ती आधी बंद करा, तुम्ही मुळांना बोलावताय.

भार कुठून येतोय ते बघा

फील्ड अशक्त आहे असं ठरलं तरी खोदकामाआधी पाण्याचा भार मोजा. दीड-दोन महिन्यांनी तुंबणारी पुष्कळ फील्डं भार कमी केला की वर्षानुवर्षं तग धरतात.

पहिला संशय कमोडच्या टाकीवर. गळका कमोड दिवसाला २०० गॅलनपर्यंत पाणी घालवू शकतो, म्हणजे चौघांच्या घराचा भार जवळपास दुप्पट, आणि आवाज नाही. इथलं पाणी जड, फ्लॅपरच्या, म्हणजे फ्लशच्या टाकीतल्या रबरी झडपेच्या, बुडावर चुन्याची खरबरीत कड जमते आणि रबर नीट बसत नाही. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका, अर्धा तास कोणी फ्लश करू नका, कमोडमध्ये रंग उतरला तर गळतंय. (हळदीनेही कळेल, पण मग डाग घासत बसावे लागतील.) आपल्या घरांत आणखी एक असतो, भारतातून आणून लावलेला जेट स्प्रे. त्याचं वॉशर या दाबाला टिकत नाही आणि तो रात्रभर कमोडमध्ये ठिबकतो. भिंतीवरचा कॉक वापरानंतर बंद करायची सवय लावा.

मग वॉटर सॉफ्टनर, म्हणजे मिठाच्या मदतीने पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र. स्वतःच्या एका धुलाईत तो पन्नासेक गॅलन खारं पाणी सोडतो, आणि घड्याळावर चालणारा जुना असेल तर गरज असो वा नसो, ठरल्या रात्री सोडतो. त्या मिठाने टाकीतले जिवाणू मरतात की नाही यावर सॉफ्टनर विकणारे आणि सेप्टिकवाले यांचं एकमत होणार नाही. पण सोडियमने चिकणमातीचे कण सुटे होऊन भोकं बुजतात हे मातीचं साधं शास्त्र आहे, आणि पाण्याचा भार तर कोणी नाकारत नाही. सॉफ्टनर वापर मोजून धुणारा घ्या. स्विमिंग पूलच्या फिल्टरचं बॅकवॉश, स्वॉम्प कूलरचं सांडपाणी हे सेप्टिकमध्ये कधीच नको. बेसिनखालचा आरओही बघा, एक गॅलन पिण्याच्या पाण्यामागे चार-पाच गॅलन बाहेर टाकणारे आरओ सर्रास आहेत.

कपडे एका दिवशी नको, आठवडाभर वाटून. आणि ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांच्यासाठी ॲरिझोनात एक चांगली सोय आहे: वॉशिंग मशीन, शॉवर आणि बाथरूमच्या बेसिनचं पाणी, रोज ४०० गॅलनच्या आत असेल तर, नियम पाळून परमिटशिवाय बागेत वापरता येतं. स्वयंपाकघराचं आणि कमोडचं चालत नाही. फवारायचं नाही, तळं साचू द्यायचं नाही, भाज्यांना घालायचं नाही; लिंबूवर्गीय आणि कठीण कवचाच्या फळांची झाडं चालतात. मशीनचं पाणी संत्र्या-लिंबाकडे वळवलं की फील्डवरचा मोठा भार उतरतो. लहान बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी मात्र टाकीतच जाऊ द्या.

याच्या उलटही होतं. १ जानेवारी २०२३ ला स्कॉट्सडेल शहराने रिओ व्हर्डे फूटहिल्सला टँकरने जाणारं घरगुती वापराचं पाणी बंद केलं, तेव्हा तिथली घरं पाण्याचा थेंब न् थेंब जपायला लागली. पाणी फारच कमी वापरलं की घरापासून टाकीपर्यंतच्या लांब पाइपात कागद आणि मैला वाटेतच थांबतो. टाकीची पातळी नीट, फील्ड कोरडं, आणि तरी घर तुंबतंय, असं असेल तर पाइपाचा उतार आणि कागदाचं प्रमाण बघा.

फक्त पावसाळ्यात तुंबत असेल तर

इथला मान्सून कागदोपत्री १५ जून ते ३० सप्टेंबर. वर्षभर कोरडा असलेला वॉश, म्हणजे वाळूचा ओढा, तासाभरात वाहायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्येच त्रास होत असेल तर छपराचं आणि अंगणाचं पाणी फील्डवर जातंय का, रायझरचं झाकण जमिनीच्या पातळीला आहे का, ते बघा. झाकण दोन-तीन इंच वर हवं आणि भोवती मातीला उतार हवा. आजूबाजूची जमीन पाण्याने तुडुंब असताना टाकी उपसायची घाई करू नका. प्लास्टिक किंवा फायबरची रिकामी टाकी वर उचलली जाऊन पाइप तोडते. दोन-चार दिवस पाणी कमी वापरून थांबा.

नुसताच वास

तुंबत काही नाही, पण घरात वास आहे, तर टँकर बोलवायच्या आधी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये जा. इथल्या उन्हाळ्यात न वापरलेल्या बेसिन-शॉवरच्या ट्रॅपमधलं, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपातलं, पाणी काही आठवड्यांत सुकतं आणि टाकीतला वायू सरळ घरात येतो. प्रत्येक मोरीत लोटाभर पाणी, वर चमचाभर खायचं तेल, म्हणजे ते लवकर उडत नाही. लॉन्ड्रीतली जमिनीवरची जाळी विसरू नका, आणि भारतात महिनाभर जाण्याआधी हे करून जा. संध्याकाळी अंगणात वास येत असेल तर छपरावरचा व्हेंट (वायू बाहेर सोडणारा पाइप) बघा, पक्ष्याचं घरटं किंवा धुळीचा बोळा असतो. थंड होत जाणारी हवा खाली उतरते तेव्हा व्हेंटचा वायू अंगणात बसतो, व्हेंट तीन-चार फूट उंच केला की बहुधा भागतं.

खोदायची वेळ आलीच तर

फिल्टर झाला, गळती झाली, मुळं कापली, डिस्ट्रिब्युशन बॉक्स (चरांना पाणी वाटून देणारी पेटी) एका बाजूला कलून सगळं पाणी एकाच चरात जात नाही ना हे बघितलं, आणि तरीही पातळी चढतेय, तर फील्ड बदलावं लागेल. हे हजारो डॉलरचं काम आहे आणि काउंटीचं परमिट लागतं, मॅरिकोपा असो, पिनल असो वा पिमा. दोन-तीन जणांकडून अंदाज घ्या आणि प्रत्येकाला एकच विचारा: कलिची किती खोलीवर आहे हे तुम्ही खड्डा घेऊन बघणार का? न बघता जुन्याच मापाचं फील्ड शेजारी टाकतो म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. थर उथळ असेल तर तो फोडून खालच्या वाळूपर्यंत नेलेला खोल शोषखड्डा, किंवा हवा सोडून शुद्ध करणारी यंत्रणा आणि ठिबकने पसरवणं, असे पर्याय निघतात. दुसऱ्याला वीज, अलार्म आणि देखभालीचा करार लागतो. जुनं फील्ड बुजवू नका. शक्य असेल तर दोन्हींच्या मध्ये व्हॉल्व बसवून घ्या. वर्षभर विश्रांती मिळालेलं जुनं फील्ड पुन्हा कामाला येऊ शकतं.

दुकानात मिळणारी जिवाणूंची पुडी, यीस्ट, "टाकी कधीच उपसावी लागणार नाही" असं लिहिलेल्या बाटल्या, यांवर पैसे घालवू नका. टाकीत जिवाणूंची कमतरता कधीच नसते.

आणि घर अजून घ्यायचं असेल तर: ॲरिझोनात सेप्टिक असलेलं घर विकताना विक्रीच्या आधीच्या सहा महिन्यांत तपासणी करून घेणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि घेणाऱ्याने मालकी बदलल्याची सूचना १५ दिवसांच्या आत द्यायची असते. तपासणीचा अहवाल हातात आला की शेरा नंतर वाचा, आधी विचारा की तपासणीच्या वेळी घरात कोणी राहत होतं का. तीन महिने बंद असलेल्या घराचं मरणपंथाला लागलेलं फील्डसुद्धा कोरडं आणि ठणठणीत दिसतं. घर रिकामं असेल तर टाकीत दोन-तीनशे गॅलन पाणी सोडून बाहेरच्या पाइपाशी पातळी चढून थांबते की लगेच उतरते, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा, आणि त्या दिवशी झाकणाजवळ स्वतः उभे राहा.